बगॅस कॅरिअरची चेन: ब्रेकिंग लोड बघून नको, पिन-बुश बघून घ्या

साखर कारखान्यात गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत सगळं चेनवर चालतं. गव्हाणीतून ऊस पुढे सरकतो तो चेनवर, एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये जातो तो इंटरकॅरिअरच्या चेनवर आणि शेवटच्या मिलमधून निघालेली बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, बॉयलरवर चढते तीही चेनवरच. दिवसाला 5000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उसाच्या 28 ते 30 टक्के बगॅस धरली, तर तासाला साधारण 60 टन माल एकट्या बगॅस कॅरिअरवरून जातो. ही चेन तुटली की बॉयलरचं इंधन थांबतं, वाफ पडते, मिल उभी राहते आणि बाहेर यार्डात गाड्यांची रांग वाढते. तोडलेला ऊस वाळायला लागतो. नुकसान आधी शेतकऱ्याचं होतं, मग कारखान्याचं.

हा रिव्ह्यू त्या चेनचा आहे: 150 मिमी पिचची (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन सांध्यांतलं अंतर), बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी) आणि रोलरची, दोन ओळींच्या मध्ये पट्ट्या लावलेली. बाजारात ती मुख्यतः तीन प्रकारांत मिळते. पहिली साधी, ईएन 8 या साध्या कार्बन स्टीलच्या इंडक्शन हार्डन पिनची. दुसरी केस हार्डन, म्हणजे फक्त वरची साल कडक केलेल्या, ईएन 353 किंवा 16 एमएनसीआर 5 सारख्या स्टीलच्या पिन-बुशची. तिसरी एसएस 410 या स्टेनलेस स्टीलच्या पिन-बुशची, साईड प्लेट कार्बन स्टीलच्या. साईड प्लेट तिन्हींत बहुधा सी 45 च्याच असतात. म्हणजे फरक आहे तो सांध्यात, आणि चेन झिजते ती सांध्यातच.

कोटेशनमध्ये सगळ्यात ठळक आकडा ब्रेकिंग लोडचा, म्हणजे चेन तुटेल इतक्या ओढीचा असतो, आणि खरेदी त्यावरच होते. पण बगॅस कॅरिअरची चेन सरळ ताणाने तुटणं फार क्वचित घडतं. प्रत्यक्ष ओढ ब्रेकिंग लोडच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावी असाच हिशेब धरलेला असतो. चेनचं आयुष्य ठरतं बेअरिंग प्रेशरवर: एका ओळीवरची ओढ भागिले पिनचा व्यास गुणिले बुशची लांबी. उदाहरण घ्या. एका ओळीवर 18 किलोन्यूटन ओढ आहे. पिन 25 मिमी आणि बुश 60 मिमी असेल तर क्षेत्रफळ 1500 चौरस मिमी, दाब 12 न्यूटन प्रति चौरस मिमी. पिन 20 आणि बुश 50 असेल तर क्षेत्रफळ 1000, दाब 18. प्लेटचं स्टील बदलून आणि ती जास्त कडक करून दोन्ही चेनवर एकच ब्रेकिंग लोड छापता येतो. पण दुसरीच्या सांध्यावर दीडपट दाब आहे, ती लवकर झिजणार. म्हणून कोटेशन मागवताना पिनचा व्यास आणि बुशची लांबी लिहून मागा. हे दोन आकडे जो देत नाही, त्याच्या दराची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता एक झिजलेला सांधा उघडून हातात घ्या. पिन सगळीकडून सारखी झिजत नाही. ओढीच्या बाजूला अर्धचंद्रासारखा खळगा पडलेला असतो आणि उलट बाजूला मूळचा व्यास शाबूत असतो. खळग्याच्या कडेवर नख फिरवलं तर अडकतं. बुशमध्ये आतून तांबूस-काळा लगदा बसलेला दिसेल. तो गंज, माती आणि बगॅसच्या बारीक भुशाचा असतो, आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. व्हर्निअर नेमका खळग्यावर धरा, आडवा धरला तर पिन ठीकच दिसेल. पिन जर सगळीकडून गोल झिजली असेल, तर ती साईड प्लेटमध्ये फिरत होती. म्हणजे प्रेस फिट सैल होतं किंवा पिनच्या टोकाचा चपटा भाग भोकात नीट बसला नव्हता. तेव्हा प्लेटचं भोकही लांबट झालेलं असणार, आणि ती लिंक काढून टाकावी लागणार.

केस हार्डन पिनची कडकपणाची साल पातळ असते, दीड मिमीच्या आसपास. वर 58-60 एचआरसी (हे कडकपणाचं माप), आत मऊ. पिनची दीड मिमी आणि बुशची दीड मिमी साल गेली की एका सांध्यात 3 मिमी झीज झाली. 150 मिमी पिचवर हे बरोबर 2 टक्के होतात. त्यानंतर मऊ धातू उघडा पडतो आणि पुढची झीज पहिल्यासारखी हळू राहत नाही. म्हणून लांबी 2 टक्के वाढली की चेन बदलायची, ही मर्यादा या चेनला चांगली लागू पडते. हंगामाच्या शेवटी 1.7 टक्के भरलेली चेन पुढचा हंगाम काढणार नाही, ती ऑफ सीझनलाच बदला.

मोजायची पद्धत महत्त्वाची आहे. एकेक पिच मोजू नका. आतली लिंक, म्हणजे बुश ते बुश अंतर, झिजेने वाढतच नाही, ते 150 च राहतं. सगळी वाढ बाहेरच्या लिंकमध्ये जमा होते. सरासरी 2 टक्के वाढलेल्या चेनमध्ये एक पिच 150 आणि पुढचा 156 असतो. म्हणून नेहमी सम संख्येचे पिच मोजावेत. 10 पिच घ्या: नवीन चेनला 1500 मिमी, 2 टक्क्यांना 1530. चेन ताणात असताना मोजा, ढिल्या बाजूला मोजलं तर आकडा कमी येतो. दोन्ही ओळींत चार-चार ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, आणि एका रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा. तीन हंगामांचे आकडे समोर असले की चेन कधी मागवायची हे कुणाला विचारावं लागत नाही.

तीन प्रकारांचं मत सांगतो. साधी ईएन 8 ची चेन स्वस्त पडते. कमी लांबीच्या, कोरड्या आणि हलक्या कॅरिअरला ती पुरते. मुख्य बगॅस कॅरिअरला ती घेऊ नये, कारण साध्या कार्बन स्टीलला गंजापासून काहीच संरक्षण नाही, आणि या कॅरिअरवर पाणी सतत आहे.

केस हार्डन आणि एसएस यांत निवड करताना जागा बघा. शेवटच्या मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. मिलच्या बाजूला, रेक (दातेरी पट्ट्यांच्या) कॅरिअरवर, रसाच्या शिंतोड्यांत चेन सतत ओली राहते. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, पीएच 5 ते 5.5 च्या आसपास. मिल काही तास उभी राहिली की अंगावरचा रस आंबतो आणि आणखी आम्ल होतो. तिथे गंज आणि घर्षण जोडीने काम करतात: गंजाचा थर तयार होतो, सांधा वळला की तो खरवडला जातो, खालचा ताजा धातू पुन्हा गंजतो. 60 एचआरसीची पिनसुद्धा यातून सुटत नाही. इथे एसएस 410 चे जास्तीचे पैसे वसूल होतात.

पण बॉयलरच्या बाजूला, जिथे बगॅस थोडी सुकलेली असते आणि मातीची धूळ, राख उडत असते, तिथे हिशेब उलटा होतो. एसएस 410 उष्णता प्रक्रिया करूनही साधारण 40 एचआरसीच्या आसपासच वापरतात. वाळूचा कण त्याला कोरतो. तिथे केस हार्डन चेन जास्त टिकते. पावसात भिजलेल्या शेतातून, विशेषतः हार्वेस्टरने तोडलेल्या उसाबरोबर माती जास्त येते. अशा कारखान्याने हे आधी लक्षात घ्यावं. सगळ्या कॅरिअरना एकच चेन घेण्याचा सोयीचा निर्णय महाग पडतो.

एसएसबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. ‘एसएस’ एवढंच लिहून ऑर्डर देऊ नका. 304 हे उष्णता देऊन कडक होत नाही. गंजणार नाही, पण मऊ राहील. पिन-बुशला 410 किंवा 420 सारखं कडक होणारं स्टीलच हवं. साधं लोहचुंबक लावून बघा: 410 ला चिकटतं, 304 ला जवळपास नाहीच. दुसरं, पिन आणि बुश दोन्ही एकाच कडकपणाचे एसएस असतील तर कोरड्या सांध्यात एकमेकांना धरतात, पृष्ठभाग फाटतो आणि सांधा जाम होतो. दोघांत काही पॉइंटचा फरक ठेवायला सांगा.

माल आल्यावर गेटवर मोजणी आणि वजन करून सही देणं पुरेसं नाही. एक सांधा उघडा. पिन आडवी कापून, घासून, नायट्रिक ॲसिडचं सौम्य मिश्रण लावलं की कडक सालीचं कडं वेगळं दिसतं. ते एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ नको. पट्टी बसवायचं अटॅचमेंट प्लेट वाकवूनच केलेलं आहे की तुकडा वेल्ड केलेला आहे ते बघा. सी 45 च्या कडक प्लेटवर मारलेल्या वेल्डिंगशेजारी बारीक तडा राहतो आणि हंगामात प्लेट तिथेच तुटते. अटॅचमेंट प्लेटचाच वाकवलेला भाग असलेली चेन थोडी महाग असली तरी तीच घ्या. चेन 3-3 मीटरच्या तुकड्यांत येते. डाव्या आणि उजव्या ओळीचे तुकडे लांबीने जुळवून, जोडीचे नंबर मारून पाठवायला ऑर्डरमध्येच लिहा. दोन ओळींच्या लांबीत फरक असेल तर पट्ट्या तिरक्या चालतात, एका ओळीवर जास्त ओढ येते आणि रोलर गाईडला घासतो.

चेनबरोबर स्प्रॉकेट बदलायचं की नाही, यावर दरवर्षी वाद होतो. आमचं मत ठाम आहे: दात हुकासारखा वळला असेल तर बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवीन चेन बसवली की सगळी ओढ एक-दोन दातांवर येते, रोलर दाताच्या कडेवर चढतो आणि नवीन बुश पहिल्याच महिन्यात ठोके खातो. स्प्रॉकेट नवं असताना 3 मिमी पत्र्यात दाताचा नमुना कापून भिंतीवर टांगून ठेवा, झीज किती ते डोळ्यांनी कळतं. एका बाजूनेच झिजलेलं स्प्रॉकेट उलटं करून आणखी काही काळ चालतं, फक्त हब दोन्हीकडून सारखा हवा. नवं मागवताना दात वाढवता येतात का बघा. चेन स्प्रॉकेटवर बहुभुजाकृतीत फिरते, त्यामुळे शाफ्टचा वेग स्थिर असला तरी चेनचा वेग प्रत्येक दाताला कमी-जास्त होतो. 6 दातांना हा फरक 13 टक्क्यांवर जातो, 8 दातांना साडेसात टक्क्यांच्या आसपास, 12 दातांना साडेतीन टक्क्यांच्या आत. 12 दातांचं स्प्रॉकेट 150 पिचला पीसीडीने, म्हणजे चेनचे सांधे ज्या वर्तुळावर बसतात त्याच्या व्यासाने, सुमारे 580 मिमी होतं, 8 दातांचं 392. जागा आणि गिअरबॉक्सचा टॉर्क परवानगी देत असेल तर मोठंच बरं.

ताणाबद्दल. 40 मीटर अंतराच्या कॅरिअरला एका ओळीत साधारण 80 मीटर चेन लागते. 1 टक्का वाढ म्हणजे 80 सेंमी. टेल शाफ्ट, म्हणजे मागच्या टोकाचा शाफ्ट, मागे सरकवून ती घ्यायची तर 40 सेंमी प्रवास लागेल, कारण चेन वर आणि खाली दोन्हीकडे असते. टेक-अपचा, म्हणजे ताण देण्याचा, स्क्रू संपला की दोन पिच काढा, 300 मिमी चेन कमी होते आणि टेल शाफ्टला 150 मिमी जागा परत मिळते. एकच पिच काढायला ऑफसेट लिंक वापरू नका, वाकलेल्या प्लेटमुळे ती सगळ्या चेनमधली सर्वात कमकुवत कडी ठरते. दोन्ही ओळींतून सारखेच पिच काढायचे. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवले म्हणून शाफ्ट समांतर आहे असं समजू नका. हेड शाफ्ट ते टेल शाफ्ट अंतर दोन्ही बाजूंनी आणि कर्णात मोजा. चेन तारेसारखी ताठ करायची नाही. हेड स्प्रॉकेटवरून सुटल्यावर खालच्या बाजूला थोडा झोळ दिसायला हवा. जास्त ताण दिला तर गाळप नसतानासुद्धा सांधा झिजत राहतो.

वंगण बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी पडतं. रोलरवर आणि प्लेटवर थापलेलं ग्रीस सांध्यात जात नाही, उलट बगॅस आणि माती धरून ठेवतं. तेल हवं आतल्या आणि बाहेरच्या प्लेटमधल्या फटीत, म्हणजे ते पिन-बुशपर्यंत उतरेल. चेन ढिली असते त्या परतीच्या बाजूला, ब्रशने किंवा थेंब-थेंब ड्रिपने सोडा. ताणात असताना फट दाबलेली असते. बगॅस तेल शोषते, म्हणून एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं पण रोज दिलेलं उपयोगी पडतं.

चेन बदलण्याचं काम आता. सुरुवात मेन स्विच काढून, कुलूप लावून, चावी काम करणाऱ्या फिटरच्याच खिशात ठेवून करायची. चालू यंत्राजवळच्या कामावर कायद्याची बंधनं आहेत, पण इथे धोका बंद यंत्राचाही आहे. बगॅस कॅरिअर चढाचा असतो. सांधा उघडला की वरची सगळी चेन पट्ट्यांसकट खाली धावते. म्हणून उघडायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चेनपुली लावून, दोन्ही ओळी फ्रेमला बांधूनच पिनला हात लावा.

टेक-अप पूर्ण ढिला करा. रिव्हेटचं डोकं ग्राईंडरने साफ काढा आणि पिन हायड्रॉलिक जॅकने किंवा सुंभा लावून घणाने बाहेर काढा. मागे प्लेटला टेकू द्या, नाहीतर प्लेट वाकते. जी लिंक परत वापरायची आहे तिच्यावर गॅस कटर चालवू नका, उष्णतेने शेजारच्या बुशचा कडकपणा जातो. नवीन चेन टेलच्या बाजूला जुन्या चेनच्या टोकाला जोडा आणि जुनी ओढून घेताना नवी आपोआप ट्रॅकवर येऊ द्या. दोन्ही ओळी बरोबरीने ओढाव्यात, पट्ट्या नंतर बसवाव्यात. जोडणीची पिन बसली की डोकं रिव्हेट करा किंवा कॉटर लावा. कडक पिनच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका मारण्याची सवय फार ठिकाणी आहे आणि ती वाईट आहे: टाक्याखाली तडा जातो आणि पुढे डोकंच उडतं.

ट्रॅकचा अँगल झिजला असेल, सांध्याला पायरी पडली असेल तर तो याच वेळी बदला किंवा सांधा घासून सपाट करा. हेड आणि टेल स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे दोरा धरून बघा. मग चेन रिकामी दोन तास फिरवा, तेल द्या, ताण पुन्हा जुळवा, पट्ट्यांचे नट परत आवळा. माल चढवल्यावर पहिल्या आठवड्यात ताण पुन्हा बघावा लागतो, कारण सुरुवातीची बसणी थोडी लांबी देतेच.

जुनी चेन वर्कशॉपला पाठवून पिन-बुश बदलून घेण्याची सेवाही मिळते. साईड प्लेटची भोकं गोल आणि मापात असतील तर हा सौदा चांगला आहे. भोकं लांबट झाली असतील तर नवीन बुश त्यात फिरणार, तेव्हा पैसे वाया. पाठवण्याआधी वीस-पंचवीस प्लेट स्वतः गो-नोगो गेजने (भोक मापात आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या) तपासा. परत आलेल्या चेनचं 10 पिचचं माप दोन्ही ओळींत घ्या आणि सांधे हाताने वळवून बघा. घट्ट सांधा वर्कशॉपलाच परत करा.

हंगाम संपला की चेनवर ओली बगॅस ठेवून पावसाळ्याला सामोरं जाऊ नका. धुऊन, सुकवून, तेल देऊन पंधरा दिवसांतून एकदा काही मिनिटं फिरवा. जाम झालेला सांधा टेल स्प्रॉकेटवरून सुटल्यावर सरळ होत नाही, कोपरासारखा वर राहतो. तिथे खडूने खूण करा.

काढलेली जुनी चेन सगळी भंगारात देऊ नका. 1 ते दीड टक्का झिजलेले बरे तुकडे निवडून, तेलात बुडवून, मापाची चिठ्ठी लावून स्टोअरमध्ये ठेवा. फेब्रुवारीत लिंक तुटली, की त्या वेळी कॅरिअरवरची चेनही तितकीच वाढलेली असते. तिथे कोरी 150 ची लिंक बसवली तर ती स्प्रॉकेटवर शेजारच्या लिंकांशी जुळत नाही आणि प्रत्येक फेरीला ठोका देते. जुना, जुळत्या मापाचा तुकडा तिथे गुपचूप बसतो आणि हंगाम पार पडतो.